उजेडापासून लांब ठेवा

बाटलीवर लिहिलंय : उजेडापासून लांब ठेवा.
वार्दोत, नोव्हेंबरच्या शेवटी,
हे वाचून मी एकटाच खो खो हसलो.
दोन महिने सूर्य इकडे फिरकत नाही,
भर दुपारी खिडकीत नुसती निळी शाई,
आणि औषधाला धास्ती कसली, तर उजेडाची!

ही दोन गिनीपिग राग्नहिलची.
नावं तिनेच ठेवली. हा मुल्ते,
दलदलीत पिकणाऱ्या केशरी फळावरून.
ती नेपे, म्हणजे सलगम.
मी म्हणालो होतो, जनावरं पाळतेस
की मुरंबा नि सूप करतेस?
मार्चमध्ये ती गेली.
ही दोघं राहिली, आणि मी.

गवत घातलं, पाणी बदललं,
पाण्यात तिच्यासारखेच पाच थेंब टाकले.
वाटलं, एवढंच तर असतं.
मग मुल्ते मागचा पाय ओढायला लागला,
उचलला की कळवळायचा.
फ्रिजचं दार उघडताच जी शिट्टी घर डोक्यावर घ्यायची
ती थांबली.
त्या आठवड्यात मला कळलं
आमचा फ्रिज किती घरघरतो.

पाऊण तास गाडी हाकत वाद्सोला नेला.
डॉक्टरीण योरुन, माझ्या नातीच्या वयाची.
त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवून म्हणाली,
स्कर्व्ही.

चाळीस वर्षं मी बोटीवर भटारखाना सांभाळला.
हा शब्द म्हाताऱ्या खलाशांच्या तोंडी ऐकलेला,
हलत्या दातांच्या, उसवलेल्या जखमांच्या गोष्टींत.
त्याला आता शिरायला
मुठीएवढं अंग सापडलं होतं, आणि तेही माझ्या घरात,
माझ्या हातचं खाऊन.

पाण्यात टाकू नका, ती म्हणाली,
पाण्यात ते मरतं. थेट तोंडात, रोज.
कुत्रं, मांजर, उंदीर, सगळे ते आपापल्या पोटात बनवतात.
यांना नाही येत.
मग चष्म्यावरून बघत,
तुम्हालाही नाही येत, एलिफ.
हिरड्यांतून रक्त येतं का?
मी तोंड मिटलं.

तेव्हापासून रोज सकाळी सातला कुस्ती.
टॉवेलात गुंडाळायचं,
बिनसुईची पिचकारी ओठांच्या कडेने आत.
निम्मं त्याच्या पोटात, निम्मं माझ्या स्वेटरवर.
नेपेला पिचकारी दिसली की ती अंगच चोरते,
तिला गोळीचा चतकोर, ढोबळ्या मिरचीच्या फोडीत खुपसून.
ज्या सुरीने मी हातभर लांबीचे कॉड फाडले
तीच सुरी गोळीवर धरताना
हात कापतो.

वादळात रस्ता बंद झाला
की दुकानात एकेका मिरचीला सोन्याचा भाव.
घेतो. एक फोड तिला, एक त्याला.
उरलेली टाकवत नाही,
तिथेच ओट्याशी उभ्याने खातो.
राग्नहिल असती तर काही बोलली नसती,
फक्त बघितलं असतं.

जानेवारीत, वीस की एकवीस तारखेला,
शाळेतली पोरं रस्त्यावर ओरडत सुटली,
आणि किल्ल्यावर तोफ उडाली : सूर्य पूर्ण दिसला.
काचा थरथरल्या.
मुल्ते दचकून उधळला,
पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
चारही पायांवर,
आणि गवतात घुसला.
मी बघतच राहिलो. मला तोफेचं काही नव्हतं.

मग ओट्यावर ऊन आलं,
हाताच्या तळव्याएवढं, पिवळं,
सरकत सरकत बाटलीपाशी.
मी बाटली उचलली,
कपाटात, कॉफीच्या डब्यामागे ठेवली,
दार लावलं.
आणि दोन महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला म्हणालो,
बस. पण याला हात लावायचा नाही.